लातूर पॅटर्न आणि पदवीची अभ्यासपत्रिका : उद्दिष्ट, अध्यापन व मूल्यमापन यांच्या सुसंगतीची समीक्षा

बीजसंज्ञा : अध्ययन निष्पत्ती, सुसंगती, लातूर पॅटर्न, अंतर्गत मूल्यमापन, साध्यता, मराठीचे अध्यापन

प्रास्ताविक

अभ्यासक्रमाचे नियोजन या विषयावर आपल्याकडे जे लिहिले जाते त्याचा आरंभ सहसा टायलर आणि ब्लूम यांच्यापासून होतो व शेवट नॅकच्या प्रपत्रात होतो. प्रस्तुत लेखाचा आरंभ मात्र लातूरपासून करावयाचा आहे. उद्दिष्ट, वर्गातील कृती आणि परीक्षा या तीन गोष्टी एका रेषेत आणणे म्हणजे काय, याचा महाराष्ट्रातील सर्वांत यशस्वी आणि सर्वांत अडचणीचा नमुना आपल्याच दाराशी उभा आहे. पदवी स्तरावरील अध्यापकांनी त्याच्याकडे गंभीरपणे पाहिलेले नाही. कोणी त्याचे कौतुक केले, कोणी त्यावर घोकंपट्टीचा शिक्का मारला. दोन्ही प्रतिक्रिया त्याच्या आतील रचनेपर्यंत जात नाहीत.

योगायोगाची एक गोष्ट येथे नोंदविणे आवश्यक आहे. लातूर पॅटर्नचे नाव ज्या राजर्षी शाहू महाविद्यालयाशी (स्थापना १९७०) जोडले गेले, त्याचे प्राचार्यपद भूषविलेले डॉ. जनार्दन वाघमारे हेच १७ सप्टेंबर १९९४ रोजी स्थापन झालेल्या नांदेडच्या विद्यापीठाचे पहिले कुलगुरू होत. नांदेड, लातूर, परभणी आणि पुढे १९९९ मध्ये परभणीतून वेगळा झालेला हिंगोली हे जिल्हे या विद्यापीठाच्या कक्षेत येतात. म्हणजे एकाच भूमीत, थोड्याफार फरकाने त्याच शिक्षकांच्या पिढीत, बारावीपर्यंत एक शिक्षणव्यवहार घडला आणि बारावीनंतर अगदी वेगळा. बारावीपर्यंत वर्गातील प्रत्येक मिनिट परीक्षेशी बांधलेले. पदवीच्या वर्गात उद्दिष्टे एका दिशेला, व्याख्यान दुसऱ्या दिशेला आणि प्रश्नपत्रिका तिसऱ्या दिशेला. या दोन टोकांची एकत्र समीक्षा करणे हे प्रस्तुत लेखाचे प्रयोजन आहे.

सुसंगतीची कल्पना

राल्फ टायलर यांनी १९४९ मध्ये विचारलेले चार प्रश्न आज बी.एड्.च्या विद्यार्थ्यालाही पाठ असतात : कोणती उद्दिष्टे गाठावयाची, त्यांसाठी कोणते अनुभव द्यावयाचे, ते कसे संघटित करावयाचे आणि उद्दिष्टे गाठली गेली की नाही हे कसे ठरवावयाचे. बेंजामिन ब्लूम यांचे वर्गीकरण १९५६ चे. ते मुळात महाविद्यालयीन परीक्षकांच्या चर्चांतून जन्माला आले, ही गोष्ट आपण विसरतो. परीक्षा सुधारावी म्हणून उद्दिष्टांची भाषा तयार झाली. आपल्याकडे तीच भाषा परीक्षेला हात न लावता पाठ्यक्रमाच्या पहिल्या पानावर छापण्यासाठी वापरली गेली. ब्लूम स्वतः १९५० च्या दशकाच्या अखेरीस भारतात आले होते. परीक्षा सुधारणेविषयी त्यांच्या मार्गदर्शनाखाली चर्चासत्रे झाली व त्यांचा अहवाल विद्यापीठ अनुदान आयोगाने १९६१ मध्ये प्रसिद्ध केला. तेव्हा हा विषय आपल्याला अलीकडे कोणी परदेशातून पाठवून दिला, अशी तक्रार करण्यास जागा नाही. साठ वर्षांहून अधिक काळ तो आपल्या दप्तरी पडून आहे.

जॉन बिग्ज यांनी १९९६ मध्ये या विचाराला रचनात्मक सुसंगतीचे रूप दिले. त्यांचे म्हणणे वरकरणी साधे आहे. उद्दिष्टात जे क्रियापद असेल तेच क्रियापद वर्गातील कृतीत असावे आणि तेच परीक्षेत असावे. विद्यार्थ्याने तुलना करावी असे उद्दिष्ट असेल तर वर्गात त्याने तुलना केली पाहिजे. अध्यापकाने केलेली तुलना त्याने ऐकणे पुरेसे नाही. आणि परीक्षेत त्याला तुलनाच करावयास सांगितली पाहिजे. बिग्ज यांनी आपल्या विवेचनात सुसान आणि रॉबर्ट असे दोन विद्यार्थी कल्पिले आहेत. सुसान मुळातच जिज्ञासू आहे. कसेही शिकवले तरी ती विषयाच्या मुळाशी जाते. रॉबर्ट पदवी हवी म्हणून आलेला आहे. परीक्षेत जे विचारले जाईल तेवढेच तो करील. सुसंगत अभ्यासक्रमाची खरी गरज रॉबर्टला आहे, कारण त्याला चांगले शिकण्यावाचून गत्यंतर उरू नये अशी व्यवस्था अध्यापकाने करावयाची असते.

मुखेड, कंधार, देवणी, जळकोट या तालुक्यांतून एस.टी.ने येणारा, सोयाबीनच्या काढणीत आठवडाभर गैरहजर राहणारा आणि पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीची तयारी करत बी.ए. करणारा आपला विद्यार्थी यांपैकी कोण, हे सांगावयास नको. त्याच्या बुद्धीविषयी हे विधान नाही, त्याच्या हाती असलेल्या वेळेविषयी आहे. वेळ कमी असलेला माणूस परीक्षेकडून उलटा अभ्यास करतो. ही त्याची आळशी वृत्ती नसून व्यवहारबुद्धी आहे. लातूर पॅटर्नने ही व्यवहारबुद्धी प्रथम ओळखली.

लातूर पॅटर्न : परीक्षेपासून मागे येणारी रचना

एकोणीसशे ऐंशीच्या दशकात मराठवाड्यातील ग्रामीण मुलगा गुणवत्ता यादीत येणे ही अपवादात्मक बाब होती. गुणवत्ता ही पुण्या-मुंबईची मिरास आहे असा समज होता. मराठवाड्यातील पालकांनीही तो मनोमन स्वीकारलेला होता. या पार्श्वभूमीवर राजर्षी शाहू महाविद्यालयाने, आणि दयानंदसारख्या महाविद्यालयांनी, जे केले त्यात गूढ काही नव्हते. सुट्टीतही वर्ग घेणे, अभ्यासक्रम वेळेच्या बराच आधी पूर्ण करणे, उरलेला काळ उजळणीला देणे, एकापाठोपाठ एक सराव परीक्षा घेणे आणि तपासलेली उत्तरपत्रिका विद्यार्थ्यासमोर ठेवून गुण कोठे व का गेले हे दाखविणे, असा हा परिश्रमाचा मार्ग होता. या संदर्भात प्राचार्य अनिरुद्ध जाधव यांचे नाव आवर्जून घेतले जाते.

यांतील शेवटची गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. लातूर पॅटर्न म्हणजे जादा तास, अशी सर्वसाधारण समजूत आहे. जादा तास तर सर्वत्रच होतात. वेगळेपण होते ते उत्तरपत्रिका परत देण्यात. शिक्षणशास्त्र ज्याला आकारिक मूल्यमापन म्हणते, म्हणजे निकाल लावण्यासाठी नव्हे तर शिकणे सुधारण्यासाठी घेतलेली परीक्षा, ती गोष्ट लातुरात त्या नावाशिवाय घडत होती. विद्यार्थ्याने लिहावे, शिक्षकाने वाचावे, चूक दाखवावी, विद्यार्थ्याने पुन्हा लिहावे. हा क्रम महिन्यांमागून महिने चालला. आज आमच्या पदवी महाविद्यालयांत किती विद्यार्थ्यांना आपली तपासलेली उत्तरपत्रिका हातात घेऊन अध्यापकाशी पाच मिनिटे बोलता येते? बहुतेकांना ती दिसते ती पुनर्मूल्यांकनासाठी शुल्क भरून छायाप्रत मागविल्यावर.

तेव्हा लातूर पॅटर्नवर घोकंपट्टीचा आरोप करण्यापूर्वी त्याची रचना मान्य केली पाहिजे. कृती आणि मूल्यमापन यांची इतकी घट्ट सांगड मराठी मुलखात क्वचितच घातली गेली असेल. प्रश्न तिसऱ्या घटकाचा आहे. या रचनेत उद्दिष्ट कोठून आले?

ते परीक्षेतूनच आले. याचा पुरावा लातूरच्या पुढील इतिहासातच आहे. मंडळाच्या परीक्षेला महत्त्व होते तोवर सविस्तर, मुद्देसूद, स्वच्छ आकृत्यांची उत्तरे लिहिण्याचा सराव झाला. गुणवत्ता यादी बंद झाली, राज्याची सामायिक प्रवेश परीक्षा आली, २०१७ पासून महाराष्ट्रातील वैद्यकीय प्रवेशही नीट या अखिल भारतीय परीक्षेवर अवलंबून राहिले. परीक्षा बहुपर्यायी झाली तसा वर्गातील सरावही बहुपर्यायी झाला. लेखन मागे पडले, वेग पुढे आला. रसायनशास्त्र तेच, प्राणिशास्त्र तेच, पण त्या विषयाचे शिकणे म्हणजे काय याची व्याख्या परीक्षेबरोबर बदलली. विषयाची स्वतःची काही मागणी असते, प्रयोगशाळेत हाताने करून पाहण्याची, चुकण्याची, शंका घेण्याची, ती या बदलात कोणी विचारात घेतली असे दिसत नाही. केंद्रही महाविद्यालयाच्या इमारतीतून हळूहळू ‘ट्यूशन एरिया’त सरकले. २०२४ मध्ये नीटमधील गैरप्रकारांचा तपास लातूरपर्यंत पोहोचला, तेव्हा अनेकांनी पॅटर्नचीच निर्भर्त्सना केली. हे अन्यायाचे होते. गैरप्रकार हा पॅटर्नचा सिद्धांत नव्हे. मात्र जेथे परीक्षा हेच साध्य ठरते तेथे साध्य गाठण्याचे आडमार्ग विकत घेऊ पाहणारेही निर्माण होतात, एवढे म्हणता येईल.

परीक्षा अध्यापनाला आपल्या मागे ओढते, हे निरीक्षण नवे नाही. भाषा-परीक्षणाच्या क्षेत्रात अल्डरसन आणि वॉल यांनी १९९३ मध्ये या परिणामाची चिकित्सा करताना तो गृहीत धरू नये, तपासून पाहावा असे सुचविले होते. लातूर हे त्या तपासणीसाठी फार मोठे क्षेत्र आहे. आमच्या संशोधकांनी ते अजून पुरेसे हाती घेतलेले नाही, हे खेदाने म्हणावे लागते.

पदवीची अभ्यासपत्रिका : चार हातांतील वस्त्र

आता दुसरे टोक. कला शाखेतील मराठीच्या अभ्यासपत्रिका नमुन्यादाखल घेऊ. साहित्यविचार अथवा समीक्षाशास्त्राची अभ्यासपत्रिका बहुतेक विद्यापीठांत असते. उद्दिष्टांत ‘विद्यार्थ्यांमध्ये समीक्षादृष्टी विकसित करणे’ या आशयाचे वाक्य हमखास आढळते. घटक पाहिले तर काव्यलक्षणे, काव्यप्रयोजने, काव्यकारणे, शब्दशक्ती, रसप्रक्रिया असा क्रम लागतो. अध्यापक मम्मटाची सहा प्रयोजने फळ्यावर लिहितो व एकेकाचे विवरण करतो. विद्यार्थी उतरवून घेतो. परीक्षेत प्रश्न येतो : मम्मटाची काव्यप्रयोजने सविस्तर लिहा. येथे वर्ग आणि परीक्षा यांची सुसंगती पूर्ण आहे, लातूरइतकीच. पण ती ज्या उद्दिष्टाच्या नावाने चालते त्या उद्दिष्टाशी तिचा संबंध नाही. तीन वर्षांत विद्यार्थ्यासमोर न शिकवलेली एक कविता ठेवून ‘हिच्याविषयी तुला काय वाटते व का’ असे कोणी विचारीत नाही. गंमत अशी की शाळेत अपठित उताऱ्यावर आणि कवितेवर प्रश्न असतात. वाङ्मयाचा विशेष अभ्यास करू लागल्यावर मात्र अपठित नाहीसे होते!

व्यावहारिक मराठीच्या अभ्यासपत्रिकेत तर विसंगती अधिक उघड आहे. ही अभ्यासपत्रिका आणण्यामागील हेतू विद्यार्थ्याला लेखनकौशल्ये यावीत हा होता. बातमी, जाहिरात, मुलाखत, इतिवृत्त, अनुवाद, मुद्रितशोधन हे घटक तिच्यात असतात. प्रश्नपत्रिकेत मात्र बातमीलेखनाचे स्वरूप, जाहिरातीचे प्रकार, अनुवादाचे महत्त्व विचारले जाते. पोहण्याच्या परीक्षेत पाण्याचे गुणधर्म विचारावेत तसा हा प्रकार होय. विद्यार्थी बाजारातील मार्गदर्शिकेतून अनुवादाचे महत्त्व दोन पाने लिहितो आणि उत्तीर्ण होतो. देगलूर, बिलोलीकडे तेलुगू कानावर पडते, उदगीर-निलंग्याकडे कन्नड, शहरांत दखनी उर्दू. घरीदारी रोज अनुवाद करणाऱ्या मुलांना आपण अनुवादाचे महत्त्व पाठ करावयास लावतो, ही गोष्ट मला शैक्षणिक अपव्ययाचे ठळक उदाहरण वाटते.

दोष अध्यापकाच्या आळसाचा आहे, असे निदान सोपे आहे आणि बव्हंशी चूक आहे. संलग्न महाविद्यालयांच्या व्यवस्थेत उद्दिष्टे अभ्यासमंडळ ठरविते, शिकवितो महाविद्यालयातील अध्यापक, प्रश्नपत्रिका काढतो तिसराच प्राश्निक आणि मूल्यमापन केंद्रावर उत्तरपत्रिका तपासतो चौथा कोणी. बिग्ज यांचा सिद्धांत ज्या विद्यापीठांच्या अनुभवावर उभा आहे तेथे ही चारही कामे बहुधा एकच व्यक्ती अथवा एकच विभाग करतो. आपल्याकडे एका वस्त्राचे चार तुकडे चार शिंप्यांकडे जातात आणि नंतर ते अंगाला का बसत नाही याची चर्चा होते. या चार हातांना जोडणारा एकच दुवा प्रत्यक्षात कार्य करतो. तो म्हणजे मागील वर्षांच्या प्रश्नपत्रिका. प्राश्निक त्या पाहून नवी काढतो, अध्यापक त्या पाहून शिकवितो, विद्यार्थी त्या पाहून वाचतो आणि मार्गदर्शिकेचा प्रकाशक त्या पाहून छापतो. छापलेल्या उद्दिष्टांपेक्षा जुन्या प्रश्नपत्रिकांचा गठ्ठा हाच खरा अभ्यासक्रम होऊन बसला आहे.

साध्यतेचे गणित

अलीकडच्या काळात या विसंगतीवर एक नवे आवरण चढले आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने अध्ययन निष्पत्तींवर आधारित अभ्यासक्रमाच्या चौकटी प्रसिद्ध केल्या. नॅकच्या २०१७ च्या सुधारित चौकटीत, दुसऱ्या निकषाखाली, कार्यक्रम व अभ्यासक्रम यांच्या निष्पत्ती जाहीर केल्या आहेत काय आणि त्यांची साध्यता मोजली जाते काय, असे विचारले गेले. प्रश्न रास्त होते. उत्तरांनी जे रूप घेतले ते चिंताजनक आहे.

प्रत्येक अभ्यासपत्रिकेला चार-पाच निष्पत्ती असतात. त्या प्रत्येकीचा कार्यक्रमाच्या निष्पत्तींशी संबंध एक, दोन अथवा तीन या अंकांनी दाखवावयाचा. ठरावीक टक्के विद्यार्थ्यांनी ठरावीक गुणांपेक्षा अधिक गुण मिळविले की साध्यतेची पातळी तीन. त्याहून कमी असल्यास दोन वा एक. मग गुणाकार, सरासरी आणि तक्ता. तक्ता देखणा दिसतो. पण त्यात शिरलेले गुण कोणत्या प्रश्नांचे आहेत? ‘काव्यप्रयोजने लिहा’ या प्रश्नाचे गुण ‘समीक्षादृष्टी विकसित होईल’ या निष्पत्तीच्या रकान्यात मांडले गेले, तर दशांश चिन्हानंतर दोन अंक दिल्याने ते समीक्षादृष्टीचे मोजमाप ठरत नाही. तराजू कापसाचा आणि वजन सोन्याचे सांगावयाचे, असा हा व्यवहार आहे. मोजणीच्या आधी सुसंगती असावी लागते. सुसंगती नसताना केलेली मोजणी विसंगतीला प्रमाणपत्र देते, आणि तेही आकड्यांत. पूर्वी निदान आपली उद्दिष्टे आणि परीक्षा वेगळ्या आहेत हे सर्वांना ठाऊक तरी होते.

याच प्रक्रियेत क्रियापदांची एक ठरीव यादी फिरू लागली आहे. विद्यार्थी ओळखेल, विशद करील, विश्लेषण करील, निर्मिती करील. एका अभ्यासपत्रिकेच्या निष्पत्ती दुसरीत नाव बदलून चिकटविल्या तरी चालतात, हे पाहिल्यावर ही भाषा विषयाच्या आतून आलेली नाही हे लक्षात येते. अशोकराव, तुकोबा आणि भाषाविज्ञान यांना एकच पाच क्रियापदे पुरत असतील तर त्या तिघांच्या अभ्यासात भेद तो काय राहिला? (अशोकराव म्हणजे अर्थातच रा. रं. बोराडे यांच्या गावातला कोणीही. नेमलेल्या कथेतील पात्र येथे कोणतेही चालेल, क्रियापदांना फरक पडत नाही.)

एक गंभीर आक्षेप

साहित्याचे अध्यापक येथे एक आक्षेप घेतात व तो टाळता येण्यासारखा नाही. साहित्याच्या शिक्षणातून जे खरोखर घडते ते आधी सांगता येत नाही. कवितेने काय करावे याची निष्पत्ती सत्राच्या आरंभी लिहिणे म्हणजे कवितेचा गळा दाबणे आहे, असे त्यांचे म्हणणे. एलियट आइसनर यांनी १९६९ मध्ये हाच विचार मांडताना काही उद्दिष्टे पूर्वनिश्चित वर्तनाची असतात, तर काहींत केवळ अनुभव ठरवावयाचा असतो, परिणाम ठरवावयाचा नसतो, असा भेद केला होता. लॉरेन्स स्टेनहाउस यांनीही १९७५ च्या आपल्या ग्रंथात उद्दिष्टकेंद्री प्रतिमानाऐवजी प्रक्रियाकेंद्री प्रतिमानाचा पुरस्कार केला.

नांदेडकरांना या आक्षेपाचे सामर्थ्य समजण्यासाठी परदेशी नावांची आवश्यकता नाही. नरहर कुरुंदकर हे इंटरच्या परीक्षेत वारंवार अनुत्तीर्ण झाले होते. पुढे १९५० मध्ये स्थापन झालेल्या येथील पीपल्स कॉलेजचे ते प्राचार्य झाले व मराठी समीक्षेत त्यांनी आपला ठसा उमटविला. ‘धार आणि काठ’ लिहिणाऱ्या माणसाजवळ काय होते जे परीक्षेला मोजता आले नाही, हा प्रश्न आपल्या प्रत्येक अभ्यासमंडळाच्या बैठकीत एकदा तरी विचारला जावा. मात्र या उदाहरणाचा उपयोग परीक्षेच्या निषेधासाठी करणे मला मान्य नाही. कुरुंदकर हे बिग्ज यांच्या परिभाषेतील सुसान होते. त्यांनी ग्रंथालयांतून आणि मित्रांच्या चर्चांतून आपले शिक्षण आपण घडविले. ज्याला घरी ग्रंथ नाहीत आणि गावात ग्रंथालय नाही, त्याला केवळ ‘अनुभव’ देऊन मोकळे सोडले तर तो मार्गदर्शिकेकडेच जाणार. परिणाम आधी सांगता येत नाही हे खरे. पण विद्यार्थ्याने काय करावे हे सांगता येते. त्याने कविता स्वतः वाचावी, तिच्याविषयी विधान करावे, त्या विधानाला कवितेतील आधार द्यावा आणि दुसऱ्याच्या विधानाला उत्तर द्यावे. त्याचे मत कोणते असावे हे ठरवावयाचे नाही. ते मत आधारासह मांडता येते की नाही, एवढे मात्र तपासता येते, आणि आइसनर यांच्या भेदालाही त्याने बाध येत नाही.

परीक्षा बदलण्याचे धैर्य

परीक्षेला हात लावल्याशिवाय अध्यापन बदलत नाही, याचे भारतातील लक्षणीय उदाहरण मध्य प्रदेशातील होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमाचे आहे. १९७२ मध्ये सोळा शाळांतून सुरू झालेल्या या कार्यक्रमात मुलांनी प्रयोग करून विज्ञान शिकावे असे उद्दिष्ट होते. त्याच्या प्रवर्तकांनी परीक्षेतही पुस्तक उघडे ठेवण्यास मुभा दिली आणि प्रात्यक्षिकाला स्थान दिले. पाठांतराचा उपयोग संपल्यावर शिक्षकाला प्रयोग करविण्यावाचून मार्ग उरला नाही. २००२ मध्ये तो कार्यक्रम शासनाने बंद केला, पण तीन दशके तो सरकारी शाळांत चालला, हे विसरता येणार नाही. साधनसामग्री नाही, वर्ग मोठे आहेत, मुले ग्रामीण आहेत ही आपली नित्याची कारणे त्या शाळांनाही लागू होती.

नव्या शैक्षणिक धोरणानुसार संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून पदवीच्या पहिल्या वर्षाला नवी रचना आली आहे. क्षेत्र प्रकल्प, कार्यप्रशिक्षण, कौशल्याधारित अभ्यासपत्रिका यांना श्रेयांक मिळाले. संधी मोठी आहे. धोकाही स्पष्ट आहे. क्षेत्र प्रकल्पाचे मूल्यमापन शेवटी स्पायरल बाइंडिंग केलेल्या अहवालावर झाले तर झेरॉक्सच्या दुकानात तयार अहवालांची बाजारपेठ उभी राहील, जशी एके काळी पर्यावरणशास्त्राच्या प्रकल्पांची उभी राहिली होती. अहवालापेक्षा विद्यार्थ्याच्या कच्च्या नोंदवह्या मागाव्यात. तो कोणाला भेटला, काय विचारले, उत्तर कोणत्या बोलीत मिळाले, हे नोंदवहीत खोटे लिहिणे कठीण असते आणि दहा मिनिटांच्या तोंडी परीक्षेत ते तर उघडेच पडते.

अध्यापकाच्या हाती आज जे निश्चितपणे आहे ते अंतर्गत मूल्यमापन. त्याची स्थिती सर्वांना ठाऊक आहे. अनेक ठिकाणी हे गुण सर्वांना जवळजवळ सारखे, वरच्या टोकाला, सत्राच्या अखेरीस एका बैठकीत भरले जातात. चार श्रेयांकांच्या अभ्यासपत्रिकेला साठ तासिका मिळतात असे मानू. व्यावहारिक मराठीच्या साठांपैकी वीस तासिकांत तरी विद्यार्थ्याने वर्गातच लिहावे. लातूरच्या बाजार समितीतील तुरीच्या आवकेची आणि दराची माहिती फळ्यावर द्यावी, दीडशे शब्दांत बातमी लिहून घ्यावी, दुसऱ्या दिवशी त्याच विषयावरील वृत्तपत्रांतील बातम्या समोर ठेवाव्यात आणि आपली बातमी सुधारून पुन्हा लिहावयास सांगावी. अंतर्गत गुण या दुसऱ्या लेखनाला असावेत. समीक्षेच्या अभ्यासपत्रिकेत मम्मट शिकवूच नये असे नाही. प्रयोजने शिकवून झाल्यावर गावातील एखादा भारूड म्हणणारा अथवा स्वतः कविता लिहिणारा शिक्षक गाठून तो का लिहितो हे विचारून यावे आणि मम्मटाच्या सहांत त्याचे उत्तर बसते काय ते लिहावे. न बसले तर अधिक चांगले.

एकशेवीस वह्या तपासणार कोण, हा प्रश्न यावर लगेच येतो आणि तो योग्य आहे. विनाअनुदानित तुकड्या, तासिका तत्त्वावरील अध्यापक, रिक्त पदे यांचा विचार न करता सुसंगतीचा उपदेश करणे हा दांभिकपणा ठरेल. तासिकेप्रमाणे मानधन घेणाऱ्या अध्यापकाला वही तपासण्याचे मानधन नाही. लातूरच्या कनिष्ठ महाविद्यालयांतील शिक्षकांनी उत्तरपत्रिका तपासल्या त्या पूर्णवेळ नेमणुकीच्या आणि संस्थेच्या पाठबळाच्या आधारावर, हेही नमूद केले पाहिजे. तरीही पहिली सुरुवात सर्वांच्या सर्व वह्या दर आठवड्याला तपासण्यापासून करण्याची गरज नाही. दर आठवड्याला दहा वह्या घेऊन त्यांतील चुका नावे न सांगता वर्गासमोर मांडल्या तरी उरलेल्यांना आपल्या चुका सापडतात.

अभ्यासमंडळाच्या पातळीवर एक बदल फारसा खर्चिक नाही. पाठ्यक्रम मंजूर करताना त्यासोबत दोन नमुना प्रश्नपत्रिका जोडणे आणि प्रत्येक प्रश्नासमोर तो कोणत्या उद्दिष्टाचा आहे हे लिहिणे सक्तीचे करावे. ज्या उद्दिष्टासमोर एकही प्रश्न वा कृती येत नसेल ते पाठ्यक्रमातून काढून टाकावे अथवा त्यासाठी प्रश्न तयार करावा. सत्रान्त परीक्षेत निदान एक प्रश्न न शिकवलेल्या मजकुरावर असावा : एक अपठित कविता, एक कच्ची माहिती, कन्नड अथवा उर्दू वळणाचा एक उतारा. प्राश्निकाला पाठवावयाच्या सूचनापत्रात ही अट लिहिली, तर जुन्या प्रश्नपत्रिकांच्या गठ्ठ्यात पहिल्याच वर्षी एक वेगळा कागद पडेल, आणि पुढील वर्षी अध्यापक, विद्यार्थी व प्रकाशक तिघेही तोच कागद पाहून कामाला लागतील. मार्गदर्शिकेत अपठित कवितेचे उत्तर आधी छापता येत नाही, ही प्रकाशकाची अडचण आहे. ती त्यानेच सोडवावी.